रिकामा डबा

पत्र

सिस्टरबाईंस सप्रेम सलाम. माझं वय ६३. नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. २७ वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीत मुलांची शब्बाथशाळा घेतली, बायकांच्या घरसभेत पेटी वाजवली. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी कंपवात (पार्किन्सन) सांगितला. आता पेटी बंद आहे. गाणं म्हणायला गेलं तर आवाज घशातच राहतो. मागच्या वर्षी प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, माझ्या हातून प्याला सांडला. माझ्या पांढऱ्या साडीवर आणि शेजारच्या बाईंच्या बायबलवर द्राक्षरस उडाला. कोणी काही बोललं नाही, पण तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी मी काहीतरी कारण काढून घरीच थांबते. आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करतात अशा एका चंगाई सभेत मला सांगितलं, गोळ्या घेता म्हणजे विश्वास कमी आहे. पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवल्या. अंथरुणाला खिळले तेव्हा मुलाने पुन्हा सुरू करायला लावल्या. पाळक भेटायला येतात आणि ‘अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते’ हे वचन वाचतात. मी आमेन म्हणते. खरं सांगू का, मला त्या वचनाचा राग येतो. माझ्यात कुठे आलीय शक्ती? देवाच्या काय कामाची राहिले मी? आता प्रार्थनेतही मन लागत नाही.

– एक भगिनी

उत्तर

प्रिय ताई, सलाम.

तुमचं पत्र तीन पानांचं आहे, वर मी ते थोडक्यात दिलंय. पहिल्या पानावर प्रत्येक ओळ ठसठशीत सुरू होते आणि समासापर्यंत पोचता पोचता अक्षर मुंगीएवढं होतं. ३४ वर्षं वॉर्डात काढली मी. आजाराचं नाव वाचायच्या आधी अक्षरानेच ते सांगितलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षर एकदम बदलतं. गोल, मोठं, निळ्या जेल पेनाचं. तिथे कंसात लिहिलंय, ‘आजीचा हात दुखायला लागला म्हणून पुढचं मी लिहिते आहे.’ हे वाक्य तुम्ही सांगितलेलं नसणार, तिने आपणहून घातलेलं दिसतं. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी गोळ्या. आत्म्याचं नंतर बघू.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात. गोळीतला लेव्होडोपा मेंदूत जाऊन ती तूट काही तास भरून काढतो. बस, एवढंच. विहीर आटली की आपण टँकर मागवतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की यांचा पावसावर विश्वास नाही. ही गोळी एकाएकी तोडली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, कधी कधी जिवावर बेततं. त्या पंधरा दिवसांत तुम्ही अंथरुणाला खिळलात ते विश्वास डळमळला म्हणून नव्हे, औषध तुटलं म्हणून. तुमच्या मुलाने योग्य तेच केलं. पुन्हा कोणी सांगितलं, मग तो कितीही मोठा प्रचारक असो, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही सोडायची नाही.

चंगाई सभेतल्या त्या बंधूंना तुम्ही काही विचारू शकला नाहीत, म्हणून तुमच्या वतीने मी विचारते. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घातले तर ते बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. त्याच पौलाच्या नावाच्या पत्रात पुढे येतं की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात मागे ठेवून यावं लागलं. त्याचा शिष्य तीमथ्य याचं पोट वारंवार बिघडायचं. त्याला रुमाल पाठवला नाही, थोडा द्राक्षारस घेत जा असा घरगुती उपाय सांगितला. त्याचा सहकारी एपफ्रदीत तर मरणाच्या दारातून परत आला. यांपैकी कोणाचा विश्वास कमी पडला, असं पौलाने एका शब्दाने म्हटलेलं नाही. देव बरं करतो, हे मी मानते. वॉर्डात पाहिलंयही. पण बरं न होणाऱ्याच्या डोक्यावर अविश्वासाचं खापर फोडायचा अधिकार देवाने कोणालाच दिलेला नाही.

प्रार्थनेत मन लागत नाही म्हणता, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या आजारात उदासी येते ती नुसती आजाराचं दुःख म्हणून येत नाही. बऱ्याच जणांत ती आजाराचाच भाग असते आणि तिच्यावर औषध असतं. आपल्यातल्या बायका छातीत दुखलं तर सांगतात, मन विझलं तर ‘माझंच चुकतंय’ म्हणून गप्प बसतात. तुम्ही गप्प बसू नका.

आता ते वचन.

राग येतो म्हणालात, बरं केलंत. मलाही यायचा. अशा वचनांचं असं होतं की धडधाकट माणूस खुर्चीत बसून ती अंथरुणावरच्या माणसाला वाचून दाखवतो आणि चहा पिऊन निघून जातो. तुमचे पाळक तसे नसतील, येतात हेच पुष्कळ. पण हे वचन लिहिणारा पौल खुर्चीत बसलेला नव्हता, हे लक्षात घेऊन त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा १२ वा अध्याय पुन्हा वाचा. करिंथ हे बंदराचं, पैशाचं शहर. तिथल्या लोकांना खणखणीत वक्ते आवडायचे. पौलाच्या माघारी तिथे काही भारी प्रेषित येऊन गेले आणि मंडळीत कुजबुज सुरू झाली, याची पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की किरकोळ, बोलणं तर ऐकवत नाही. तुम्हाला वाटतं ना, मंडळी मागे बसून माझ्या हाताकडे बघत असेल? पौलाकडे खरंच बघत होती.

त्यावर पौलाने काय करावं? स्वतःची बढाई मारायची तर मारतो म्हणाला, आणि सांगितलं काय, तर दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पकडायला लोक आले तेव्हा मला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्या शिपायाला सोन्याचा मुकुट मिळायचा. हा गडी तटावरून उतरल्याचं सांगतो, तेही भाजीसारखा पाटीत बसून! मला हा प्रसंग फार आवडतो. प्रवचनात मात्र कोणी घेत नाही.

मग येतो तो काटा, पौल ज्याला आपल्या देहातला काटा म्हणतो तो. काटा म्हणजे नेमकं काय, यावर दोन हजार वर्षं वाद चाललाय. डोळे, डोकेदुखी, फिट, छळ करणारी माणसं, ज्याने त्याने आपापलं दुखणं त्यात घातलं. नाव सांगितलेलं नाही तेच बरं, तुमच्या कंपवातालाही जागा राहिली. पण दोन गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि नेमक्या त्याच वाचताना निसटतात. एक, पौल त्या काट्याला सैतानाचा दूत म्हणतो. देवाने त्याचा उपयोग करून घेतला, तरी पौलाने त्याला गोड नाव दिलं नाही. तेव्हा ‘आजार ही देवाची देणगी आहे’ असं कोणी म्हटलं तर मान डोलवायची तुमच्यावर सक्ती नाही. दुसरी, त्याने हा काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली. पहिल्यांदाच ‘प्रभूची इच्छा’ म्हणून शहाण्यासारखा गप्प बसला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तीनदाच मागितलं, हा प्याला टळून जावो. आणि तेही कधी? त्याच रात्री, स्वतःच्या हाताने शिष्यांना प्याला दिल्यावर काही तासांत. तेव्हा हात बरा कर म्हणून मागायचं असेल तर मागा. तीनदा मागून झालं असेल तर चौथ्यांदा मागा.

पौलाला उत्तर मिळालं ते असं: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ यातल्या ‘पुरे’शी मी बरीच वर्षं अडले होते. आपल्याकडे पंगतीत वाढपी आला की आपण पानावर आडवा हात धरतो, ‘पुरे, पुरे.’ पुरे म्हणायचं ते जेवणाऱ्याने. इथे वाढणाराच म्हणतोय, तुला पुरे आहे! कोणालाही राग येईल. पण नीट वाचलं तेव्हा कळलं, तो वाढणं थांबवत नाहीये. कृपा उद्या पुरेल, बरी झालीस की पुरेल, असंही म्हणत नाही. आत्ता, काटा आत असताना, पुरे आहे. रोजचं रोज. रानात इस्राएल लोकांना रोज आकाशातून मिळणारा मान्ना नव्हता का, दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर किडे पडायचे.

आणि तुमचा प्रश्न, माझ्यात कुठे आलीय शक्ती? ताई, तुमच्यात ती आली आहे असं वचन म्हणतच नाही. ख्रिस्ताची शक्ती माझ्या ठायी येऊन राहावी असं जिथे पौल म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकून वर छाया धरण्याचा अर्थ आहे. पौलाचा धंदाच तंबू करण्याचा, शब्द त्याच्या हातातला. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याने जाताना तुम्ही पालं पाहिली असतील. पालात राहणाऱ्या बाईच्या दंडात पाल शिरत नाही. ती थकलेली ती थकलेलीच असते, पाल तिच्या डोक्यावर असतं. मला हे वचन असं कळलं तेव्हा हायसं वाटलं, कारण त्याआधी मी रोज उठून स्वतःला चाचपून बघायचे, आली का शक्ती, आली का.

का चाचपत होते, ते सांगते.

माझे यजमान पक्षाघाताने दोन वर्षं अंथरुणावर होते. मी नर्स. गावातली अर्धी बाळंतपणं माझ्या हातची, रात्री-अपरात्री कोणीही दार वाजवावं. घरातच आजारपण आलं तेव्हा समोरच्या आक्का रोज संध्याकाळी डबा आणायला लागल्या. दोन भाकऱ्या, पिठलं, कधी मेथीची भाजी. डबा स्टीलचा, कडीला चेपलेला, झाकण डाव्या बाजूने दाबल्याशिवाय बसायचं नाही. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. मी तर त्यात आणखी तरबेज. आज आलेला डबा उद्या सकाळी साखर, शेंगदाणे, अंडी, काही ना काही भरून परत. घरात काही नसलं तर ड्यूटीवरून येताना मुद्दाम वाट वाकडी करून दुकानात जायची. महिनाभर असं चाललं. एके दिवशी आक्का दारातच थांबल्या, डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सिस्टर, एकदा तरी डबा रिकामा द्या की. मी काय दुकान टाकलंय व्हय?”

मी ओशाळले. रागही आला. मग रात्री यजमानांचं अंग पुसताना ध्यानात आलं की मी त्या बाईला तिचं प्रेम करू देत नव्हते, रोजचा हिशेब चुकता करत होते. आणि प्रभूशीही माझं तेच चाललं होतं. त्याने कृपा दिली की मी सेवा करून लगेच परत. तुमची २७ वर्षं शब्बाथशाळा, माझी ३४ वर्षं नर्सिंग. सेवा मनापासूनच होती, खोटी नव्हती. पण तळाला कुठेतरी फेडाफेड होती. हात चालतात तोवर हे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घासला, पुसला आणि रिकामाच नेऊन दिला. चार पावलांचा बोळ, पण पाय उचलत नव्हता. आक्कांनी तो घेतला, झाकण डावीकडून दाबलं आणि आत गेल्या. संध्याकाळी पुन्हा आला डबा.

ताई, तुम्ही विचारता, मी देवाच्या काय कामाची राहिले. तुमच्या प्रश्नात मला माझाच भरलेला डबा दिसतो.

रफीदीमच्या लढाईतला मोशे तुम्ही शब्बाथशाळेत किती वेळा शिकवला असेल. हात वर असले की इस्राएलाची सरशी, हात खाली आले की शत्रू अमालेकाची. मुलांना आपण काय सांगतो? प्रार्थनेचं सामर्थ्य. पण गोष्ट पुढे आहे. मोशेचे हात जड झाले. ज्या हातांनी समुद्रावर काठी धरली, तेच हात. तेव्हा देवाने त्यात नवं बळ भरलं असं लिहिलेलं नाही. अहरोन आणि हूर यांनी एक धोंडा आणून त्याच्याखाली ठेवला, त्याला बसवलं, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला राहून सूर्य मावळेपर्यंत हात धरून ठेवले. हात मोशेचेच, पण स्थिर राहिले ते दुसऱ्यांच्या आधाराने. रोमकरांस पत्रात आत्मा आपल्या अशक्तपणात हातभार लावतो असं येतं. हातभार हा किती नेमका शब्द आहे बघा. ओझं आपल्या डोक्यावरून नाहीसं होत नाही, दुसरं कोणी एक टोक धरतं.

तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाचं असं करा. आठवडाभर आधी पाळकांना फोन करा, ‘माझा हात थरथरतो, प्याला धरवत नाही’ असं सरळ शब्दांत सांगा. ट्रेमधला तुमचा छोटा प्याला अर्धाच भरता येतो. काही मंडळ्यांत भाकर द्राक्षरसात बुडवून देतात, तसंही चालेल का विचारा. बाकाच्या टोकाला बसा, म्हणजे ट्रे पुढे द्यायची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही. उपासनेच्या वेळी गोळीचा अंमल असेल अशी सकाळच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून बसवून घ्या. लेव्होडोपा सहसा खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतात आणि दूध, अंडी, डाळ सोबत पोटात गेली तर काहींना ती नीट लागू पडत नाही. रविवारी घाईघाईत अंडं खाऊन गोळी घेत असाल तर तेवढ्यानेही फरक पडू शकतो. आणि नातीला शेजारी बसवा. तिचं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधीचा मंडळीतला विधी, झालेलं नसलं तर ती प्रभुभोजन घेणार नाही, पण आजीच्या हाताखाली हात धरायला कोण अडवणार?

तरीही सांडला तर? सांडू दे. प्रभूच्या मेजावर पहिल्या रात्री कोण कोण बसलं होतं ते आठवा. एक जण त्याला विकून आलेला होता, एक जण कोंबडा आरवायच्या आत नाकारणार होता. त्या मेजावर तुमचा थरथरता हात लाजण्यासारखा नाही. ज्या बाईंच्या बायबलवर डाग पडला त्यांच्याशी एकदा बोला. वर्षभर तुम्ही त्या डागाला घाबरताय, त्यांना कदाचित आठवतही नसेल. आठवत असेल तर तुम्ही दिसत नाही म्हणूनच आठवत असेल.

मन लागत नाही त्या दिवसांसाठी ८८ वं स्तोत्र. ते कुठेच वर येत नाही, शेवटी उजेड नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. स्वतःला वाचवत नसेल तर नातीला मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. तेवढी प्रार्थना पुष्कळ झाली.

पेटीचं दुःख मोठं आहे, त्याला माझ्याकडे उपाय नाही. एक आठवण मात्र देते. आपले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताचं चरित्रकाव्य ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले तेव्हा दहाएक अध्यायच झाले होते. उरलेला बहुतेक ग्रंथ कोणी पुरा केला? कधी शाळेत न गेलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या तोडीचे कवी मराठीत होते, पण ते काम पडलं त्यांच्या घरातल्या माणसाच्या हातात. तुमची पेटी खोळ घालून ठेवली असेल तर खोळ काढा. बोटं दुसऱ्या कोणाची का असेनात. सूर चुकला की तुम्ही शेजारून सांगालच, त्याला मोठा आवाज लागत नाही.

आता ते कंसातलं वाक्य. रोमकरांस पत्र एवढं मोठं, जगभर वाचलं जाणारं, पण ते पौलाने हाताने लिहिलेलं नाही. त्याने सांगितलं आणि तर्तिय नावाच्या माणसाने लिहून घेतलं. शेवटच्या अध्यायात सगळ्यांना सलाम पाठवणं चालू असताना मध्येच हा लेखनिक डोकं वर काढतो आणि सांगतो, हे पत्र लिहून देणारा मी तर्तिय, माझाही तुम्हाला सलाम. पौलाने ते खोडलं नाही. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतः लेखणी घेतो आणि म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत मी लिहितोय. त्याचं अक्षर मोठं व्हायचं, तुमचं बारीक होतं, एवढाच फरक.

तुमच्या लेखनिकेने मात्र नाव घातलं नाही. पुढचं पत्र तिच्याच हातून येऊ द्या. मध्ये तिला वाटेल तिथे तिचंही काही लिहू दे, तुम्ही खोडू नका. आणि तिला माझा वेगळा सलाम सांगा.

तुमची,
सिस्टर